हिरव्या पाकिटामागची ओळ

मी, चौसष्ट अक्षरांची एक ओळ, बोलतेय. मला वाचून अर्थ लागणार नाही. आकडे आणि अक्षरांची नुसती खिचडी. लोक मला हॅश म्हणतात. मी एका फाईलच्या अंगठ्याचा ठसा आहे. फाईलमधला एक कण बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो.

माझी भावंडं जगभर कामाला आहेत. कोणी जनुकांच्या ढिगातून हवा तो तुकडा क्षणात काढून देतं, कोणी दुर्बिणीतून आलेला फोटो आधी येऊन गेलाय का ते सांगतं. माझ्या वाट्याला एक बेडूक आला.

तैवानच्या डोंगरातल्या एका तळ्यावर ल्याओ सरांनी त्याचा आवाज टिपला. एक्केचाळीस मिनिटं. मध्येच सर खोकले. त्यांच्या विद्यार्थिनीने, पेई-शानने, खोकला कापू का विचारलं.

"राहू दे," सर म्हणाले. "तिथे मीही होतो, एवढं तरी कळेल."

मग त्यांनी फाईलवरून मला काढलं, चिठ्ठीवर लिहिलं, तारीख घालून आपला लाल शिक्का मारला. तो आवाज मात्र मी ऐकला नव्हता. फाईलवरून माझ्यापर्यंत येता येतं. माझ्यावरून फाईलकडे जायची वाट नाही.

सरांनी मला प्रयोगशाळेतल्या सर्वांत सुरक्षित जागी चिकटवलं: फाईली साठवणाऱ्या मशिनवर ठेवलेल्या मक्याच्या खाऊच्या हिरव्या पाकिटामागे. ते पाकीट असलं की मशिन शहाण्यासारखं वागतं, असं तैवानात सगळे मानतात. त्याला हात लावायची इथे कोणाची छाती नाही. फक्त मुदत संपली की नवं ठेवायचं, नाहीतर मशिन रुसतं. दर वेळी सर मला स्वतः जुन्यावरून नव्यावर चिकटवत. कोणाला सांगितलं मात्र नाही.

सर वारले. पाकिटाची मुदत संपली. ऑफिस सांभाळणाऱ्या त्साय मावशींनी नवं ठेवलं. इतके महिने राबलेलं पाकीट कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून जुनं बिस्किटांच्या डब्यात गेलं. माझ्यासकट.

त्याच वर्षी ते तळं बुजवून हॉटेल बांधायचं ठरलं. हा बेडूक दुसरीकडे कुठेच सापडला नव्हता. पेई-शान फाईल घेऊन बांधकामाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे गेली. पण मशिनवर तीन प्रती होत्या: एक जशीच्या तशी, एकीतला पाऊस कोणी पुसलेला, एकीतला खोकला कापलेला.

"बाई," समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "यातल्या कुठल्या बेडकाचं आम्ही ऐकायचं?"

तिला खरी प्रत माहीत होती. तिच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवेना. सरांनी ठसा लिहून शिक्का मारलेली चिठ्ठी आहे, ती म्हणाली. मग ती आणा, म्हणाले. तिने कपाटं उपसली, मावशींनाही विचारलं. मावशींचा चहाचा कप तेव्हा माझ्याच डब्यावर होता. मी आत ओरडत होते. ओळीला आवाज कुठून येणार?

तीन वर्षांनी मावशी निवृत्त होताना डबा उघडला. पेई-शानने मला चार-चार अक्षरं करत पडद्याशी ताडून पाहिलं. पाऊस आणि खोकला दोन्ही असलेल्या प्रतीशी चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

"मग आता तळं वाचेल ना गं?" मावशींनी विचारलं.

"तिथे आता हॉटेलच्या गाड्या उभ्या राहतात, मावशी."

पेई-शानने फाईल लावली. पाऊस, सरांचा खोकला, आणि मग तो. मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

खऱ्याची खूण लपवून जपू नका हो. चार जणांना सांगा, उघड्यावर लिहा. आता मी भिंतीवर चौकटीत आहे, येणारे-जाणारे वाचतात. मी खरी ठरले. तो मात्र एक्केचाळीस मिनिटं हाका मारतो, आणि त्याला उलट हाक कोणी देत नाही.