बारा वर्षं उलटी चाललेली नाव

देवाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याची कथा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे, मंडळी. पण ती नाव बारा वर्षं उलट्या दिशेने जात होती, आणि तीही कळमेश्वरपलीकडच्या एका गावात, भर देवळात, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. यमुताई बक्षींना मात्र हसू आलं नव्हतं.

यमुताई कीर्तनकार. चैत्राच्या नवरात्रात त्या गावच्या राममंदिरात आठव्या दिवशीचं नावाड्याचं आख्यान त्यांचंच. समोर बोट करून "तो पाहा पैलतीर!" म्हणायच्या आणि दोन्ही वल्ही छातीशी ओढत नाव अशी हाकायच्या की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या. फक्त चंपतराव तेवढे उठून जायचे. नेमके तिथेच! तलावावर मासे धरण्यात हयात गेलेला हा म्हातारा पहिल्या रांगेत बसायचा, पूर्वरंगभर मान डोलवायचा, आणि नाव पाण्यात पडली की धोतर झटकून चालू लागायचा. वय झालं, जावं लागत असेल बिचाऱ्याला, असं यमुताईंना वाटे. गेल्या वर्षी त्यांनी विचारलंच.

"गळा तं तुमचा साखर हाय, बाई," चंपतराव ओशाळून म्हणाले. "पण तुमी तोंड करता पैलतीराकडं आन् वल्हे ओढता छातीकडं. अशानं नाव मांगं जाते. बारा वर्सं झाले, रामराया अजून अलीकडंच हाय. मले नाही पाहवत."

त्या रात्री यमुताईंना घास गेला नाही. सूर हलला, ताल चुकला असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी पदरात घेतलं असतं. पण प्रत्यक्ष देवाला आपण बारा वर्षं अलीकडेच ताटकळत ठेवलं! त्यांनी मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी चंपतराव शेवटपर्यंत बसले तर ठीक. नाहीतर हे आख्यान पुन्हा तोंडातून काढायचं नाही.

"मग एक होडी घेऊ," विश्वनाथराव म्हणाले. कोथिंबीर घेऊ म्हणावं तसे. विश्वनाथराव म्हणजे यमुताईंचे यजमान आणि चाळीस वर्षं त्यांच्या कीर्तनातले पेटीवाले. सदर भागातल्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्परव्हॅन केली होती. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी, आणि पेटीसाठी खास कप्पा. आता नऊ फुटांची पांढरी फायबरची होडी आली आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न आला. आधी आत घालून पाहिली. निम्मी पलंगावर, निम्मी दारातून बाहेर.

"अहो, मग आपण झोपायचं कुठं?"

"होडीत."

शेवटी ती छतावर चढली. विश्वनाथरावांनी चार दिवस मोबाइलवर अभ्यास केला. होडी पालथी, म्हणजे वारा भरत नाही. आडवे दोन पट्टे, ते जरीपटक्याच्या बाजारातून पारखून आणलेले. एक दोर नाकापासून पुढच्या बंपरला, एक शेपटापासून मागच्या. समोरच्या गच्चीवरून शेजारची कामिनी ओरडली, "काका, काटोल रोडले पूर येऊन राहिला का?"

"तू पोहायला शीक आधी!" काकांनी दोर आवळत उत्तर दिलं.

अष्टमीला पहाटे गाडी निघाली. शहर मागे पडलं, वेग वाढला, आणि छतावरून 'हूंऽऽ' असा गंभीर आवाज सुरू झाला. विश्वनाथरावांनी घाबरून वेग कमी केला, आवाज खाली आला. वाढवला, वर चढला. वाऱ्याने पट्टा थरथरत होता.

यमुताईंचे कान टवकारले. त्यांनी पेटी मांडीवर ओढली, एकेक पट्टी दाबून पाहिली आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "काळी चार! अहो, माझाच सूर! किती आहे काटा?"

"बावन्न."

"मग बावन्नवरच धरा. हलवाल तर खबरदार!"

झालं. काटोल रोडवर बावन्नच्या वेगाने तंबोरा सुरू झाला आणि यमुताईंनी गळा मोकळा सोडला. मागे ट्रकांची रांग लागली. एका ट्रकवाल्याने शेजारी येऊन मान बाहेर काढली, "काकाजी, पट्ट्याले एक पीळ मार दो, आवाज बंद होऊन जाईल!"

"देवाने लावलेला सूर मी बंद करू?" यमुताई गरजल्या. ट्रकवाल्याने हात जोडले आणि पुढे गेला.

पण पुढे एका रेल्वेपुलाआधी उंच गाड्या अडवायची लोखंडी कमान होती. गाडी जाईल, होडी नाही. दोर सुटले, होडी उतरली, विश्वनाथरावांनी गाडी पलीकडे लावली आणि परत आले. मग नाक विश्वनाथरावांच्या डोक्यावर, शेपूट यमुताईंच्या, आणि पालथी होडी दोन जोडी पायांवर चालू लागली. आत काळोख. यमुताईंनी सहज 'राम' म्हटलं तर घुमटात म्हटल्यासारखं घुमलं. मग काय! त्यांनी नामाचा गजरच धरला. चहाच्या टपरीवरच्या लोकांना दिसलं ते एवढंच: एक होडी नऊवारी नेसून, चपला घालून, नाम घेत पुलाखालून चालली आहे. चौघेजण धावत आले, दोघांनी खांदा दिला, दोघांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"आजी, कुठं चालल्या?"

"शिकायला!" होडी म्हणाली.

तलावावर पोचेतो ऊन तापलं होतं. यमुताई सवयीने पैलतीराकडे तोंड करून मधल्या फळीवर बसल्या, वल्ही छातीशी ओढली, आणि होडी मागच्या मागे जाऊन थेट बेशरमाच्या झुडपात घुसली.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "खरं बोलत होता हो म्हातारा."

मग त्या फिरून उलट्या बसल्या, आणि विश्वनाथराव मागच्या फळीवर, त्यांच्या अगदी समोर, नारिंगी जाकीट घालून. आता नवीनच तऱ्हा. झांज धरून धरून यमुताईंचा उजवा हात जोरकस. होडी जागच्या जागी भिंगरीसारखी फिरू लागली. झाडं फिरली, बांध फिरला, देवळाचा कळस तीनदा येऊन गेला.

"यमू, मले गरगरून राहिलं!" विश्वनाथरावांच्या तोंडची कचेरीतली मराठी पळाली आणि लहानपणची बाहेर आली. यमुताईंना हसू आवरेना. हसता हसता वल्ही सुटायची, पुन्हा धरायच्या, पुन्हा हसायच्या. अखेर दोन्ही हात सारखे पडले आणि होडी सरळ निघाली.

तसं यमुताईंनी समोर पाहिलं.

चाळीस वर्षं हा माणूस कीर्तनात त्यांच्या मागे बसला होता. गाताना त्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आता तो समोर होता. दोन्ही हातांनी काठ पकडलेला, घाबरलेला, तरी यमू नेईल तिकडे जायला तयार.

"अहो," त्या म्हणाल्या, "वल्हवणाऱ्याला तीर दिसतच नाही."

"मग काय दिसतं?"

"तुम्ही."

विश्वनाथराव लाजले. जाकिटाची पट्टी उगाच ओढत राहिले. मग एकदम वर पाहून म्हणाले, "म्हणजे त्या नावाड्याला…"

"हो ना!" यमुताईंच्या अंगावर काटा आला होता. "साऱ्या प्रवासभर!"

संध्याकाळी देऊळ भरलं. मधली वाट मोकळी सोडून दोन्ही अंगांना श्रोते, पहिल्या रांगेत चंपतराव, आणि यमुताईंच्या थेट समोर गाभाऱ्यात रामराया. पूर्वरंग झाला, हार झाला, बुक्का झाला. आख्यान रंगत गंगेशी आलं. नाव पाण्यात पडली, आणि चंपतरावांनी सवयीने गुडघ्यावर हात ठेवून अंग उचललं.

यमुताईंनी ते पाहिलं. पण या खेपेला त्यांनी पैलतीराकडे बोट केलं नाही. गाभाऱ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "मंडळी, बारा वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तीर समोर नव्हता हो. तीर होता नावाड्याच्या पाठीशी. समोर बसला होता देव. आपण कुठे पोचणार याची नावाड्याला फिकीर नव्हती, तो नुसता देवाला पाहत होता." आणि रामरायावरची नजर न हलवता त्यांनी वल्ही छातीशी ओढली. एकदा. दोनदा.

चंपतराव अर्धे उभे, अर्धे बसलेले, तसेच राहिले. मागून कुणी धोतर ओढलं, तरी त्यांना कळलं नाही. त्यांचे डोळे यमुताईंच्या हातांवर होते. तिसऱ्या ओढीला ते मटकन खाली बसले.

यमुताईंच्या पेटीवाल्याने दोन स्वर चुकवले.

पण बसले ते गप्प थोडेच बसणार! "उजवं हलकं मारा, बाई!" चंपतराव ओरडले. "नाव वाकडी चालली! तिकडं धार हाय!"

"असं?" यमुताई म्हणाल्या.

"हां! आता दोनी! दोनी संगं!"

बघता बघता पहिली रांग वल्हवू लागली, मग दुसरी, मग बायकांची बाजू. तबलजीने लय चढवली. बांगड्या वाजल्या, टोप्या निसटल्या, अख्खं देऊळ गाभाऱ्याकडे बघत छातीशी हात ओढत होतं आणि हसत होतं आणि रडत होतं. चंपतरावांना राहवेना. ते उठले. यमुताईंची वल्ही अर्ध्यावर थांबली.

पण ते बाहेर गेले नाहीत. यमुताईंच्या पाठीमागच्या खांबाजवळ जाऊन, गुडघाभर पाण्यात असल्यासारखे पाय रोवून उभे राहिले.

"घाट आला, बाई! दोर फेका!"

यमुताईंनी खांद्यावरचं उपरणं काढून मागे भिरकावलं. चंपतरावांनी ते वरच्या वर झेललं, खांबाला तीन वेढे दिले, गाठ मारली आणि ताण देऊन पाहिला.

"आता उतरवा देवाले," ते म्हणाले. "सावकाश. मी धरून हावो."