तेल प्यालेला पिंजरा

मी उंदीर पकडायचा पिंजरा बोलतोय. दिसायला तारांचा सांगाडा, पण कामाला पक्का. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझं दार दोनदा आपटून पाहिलं आणि म्हणाला, "जा, नाव काढ."

मी आलो शिलाईवाल्या वहिनींकडे. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, मागे संसार. वहिनींनी बँडवाल्यांचे लाल कोट शिवायला घेतले होते. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालेलं, आणि एका कोटाची बाही उंदराने कुरतडली. नवी बाही बेतण्यापुरतंच कापड उरलं होतं. आणखी एक कोट गेला, की काम गेलं आणि नावही गेलं.

"औषध टाक," सासूबाई म्हणाल्या.

"आणि गठ्ठ्यात जाऊन मेला म्हणजे? कोटांना वास लागेल ना, आई."

म्हणून मला आणलं. आकड्याला पावाचा तुकडा टोचला, दार उघडून तार अडकवली. मी निर्धास्त होतो. सकाळी पाहिलं तर दार बंद, पाव जागच्या जागी, उंदराचा पत्ता नाही. पुढे रोज तेच.

"तुझा उंदीर सभ्य दिसतोय," सासूबाई म्हणाल्या. "येतो, दार लावतो नि जातो."

वहिनी हसल्या नाहीत. त्या दिवशी दुसऱ्या कोटाचं अस्तर कुरतडलेलं निघालं होतं; लाल कापड तेवढं वाचलं होतं.

मला कारण ठाऊक होतं, पण पिंजऱ्याला कोण विचारतो? काम संपलं की वहिनी मशीन पुसून त्याला तेल द्यायच्या. कुपी हातात असली की कात्रीला एक थेंब, कपाटाच्या बिजागरीला एक, आणि मायेने मलाही. माझी तार इतकी गुळगुळीत झाली, की रस्त्यावरून टेम्पो गेला तरी सुटायची.

शेवटी सासूबाईंनी मला मांडीवर घेतलं. तार अडकवायला गेल्या, तर ती निसटली. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"याला तेल देतेस?"

"रोज. मशीनबरोबरच."

"अगं बाई माझे, मशीनला पळायचं असतं. याला दम धरायचा असतो."

वहिनींनी मला कोरडं पुसलं आणि आकड्यावर कापड आखायचा खडू घासला. तार घट्ट बसली. दुसऱ्या सकाळी उंदीर आत होता, मिशा फेंदारून. वहिनींनी मला फडक्याने झाकून वस्तीबाहेरच्या मैदानात नेलं आणि दार उघडलं. त्याने वळूनही पाहिलं नाही.

कोट वेळेवर गेले. नवी बाही कोणती, ते बँडमास्तरलाही ओळखता आलं नाही.

आता शेजारीपाजारी मला मागून नेतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: मला धुवा, उन्हात वाळवा. पण आत कोणी सापडलं, तर त्याला ताटकळत ठेवू नका. त्याच्या काळजाची धडधड माझ्या तारांना कळते.

संध्याकाळी वहिनींचा हात अजूनही कुपी घेऊन माझ्यापर्यंत येतो. सासूबाई बटण लावता लावता नुसत्या खाकरतात, आणि हात मागे जातो.