शेपटाची चरबी

पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली तशी मोल्दिरने फ्रिजवरचा तक्ता ओरबाडून काढला. तिच्या आईचे, म्हणजे उलझानचे, अकरा आठवडे त्यावर होते. वजन एकशे अठरावरून एकशे नऊ, रक्तातल्या सुजेचा आकडा नऊवरून चार. कोबी, जव आणि मासे खाऊन उतरवलेले. पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही, आतून धुमसते आणि हृदयाच्या नळ्या खराब करते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. उलझानची धाकटी बहीण एक्कावन्नाव्या वर्षी हृदयानेच गेली होती.

"आई, आज नाटकं नकोत," मोल्दिर म्हणाली. "तुझ्या कोबीपायी माझी सोयरीक मोडायला नको."

त्यांच्याकडे सोयरीक पक्की होते ती मेंढ्याच्या शेपटाच्या चरबीने आणि कलेजीने. विहिणींनी एकमेकींना हाताने भरवायचं. मुलाची आई नाझीपा पूर्वी नर्स होती. तिने पांढरा, थुलथुलीत तुकडा उचलला. उलझानने तो खाल्ला. दुसरा आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "विहीणबाई, पुरे. डॉक्टरांनी..."

नाझीपाचा हात थांबला. "डॉक्टरांनी? हृदयाचं आहे की काय? तुमची बहीणही लवकर गेली ना? कशाने हो?"

नाझीपा बाकीच्या पाहुण्यांकडे वळली.

"घराण्यात असतं हे. आम्हाला सून हवीय, पेशंट नको."

कुणीतरी फिसकन हसलं. चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारपाशी मोल्दिर वाटी धरून उभी होती. तिने आईकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती.

"बहीण अपघातात गेली," उलझान म्हणाली. "आणि डॉक्टर म्हणतात, चांगलंचुंगलं खा." तिने तोंड उघडलं.

"असं बोला की! एवढा देह काय वाऱ्यावर पोसलात?" नाझीपाने दुसरा भरवला, तिसरा, चौथा. मग रीतीप्रमाणे ओशट हात उलझानच्या दोन्ही गालांना फासला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. उलझानही हसली.

पाहुणे गेल्यावर गाल पुसत ती म्हणाली, "तक्ता लाव परत."

"लग्नापर्यंत नाही. ती माणसं आता केव्हाही टपकतील." मोल्दिरने डॉक्टरीणबाईंनी आईला दिलेल्या गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात खोल खुपसली. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तेवढ्यात कुणी मरत नाही."

"तुझी मावशी..."

"अपघातात गेली. तूच म्हणालीस."

थाळीत दोन तुकडे उरले होते, गार होऊन थिजलेले. मोल्दिरने एक उचलून आईच्या ओठांशी नेला.

"सोयरिकीचं आहे, टाकायचं नसतं."

उलझानने तोंड उघडलं.