उलट्या चाकाची नाव

"वहिनी, हात गेला म्हणजे कारभार संपला. उद्यापासून नाव मी चालवणार!" धाकट्या दिराने काठावर, भरल्या माणसांत जाहीर करून टाकलं.

नाववाली निसरड्या दगडावर पडली आणि उजवा खांदा निखळला. बसवला, पण हात मागे जाईना. नावेचं इंजिन तर शेपटाला लटकवलेलं. मागे हात नेऊन त्याचा दांडा हलवावा, तेव्हा नाव वळणार. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं तिने तो दांडा धरला होता. तेव्हा या दिराला पाण्याची भीती वाटायची. पलीकडे बाजार वाढला, नाव भरून जायला लागली, तशी त्याची भीती कुठच्या कुठे पळाली!

"खांदा मोडलाय भाऊजी, डोकं नाही," म्हणत ती तरातरा वेल्डरच्या दुकानात गेली.

भंगारातल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, चार कप्प्या आणि नायलॉनचा दोर. वेल्डरने चाक पुढे बसवलं, दोर दोन्ही कडांनी नेऊन इंजिनाला बांधला, रेस द्यायला जुन्या स्कूटरची केबल ओढली. पाण्यात उतरून बघतात तर काय, चाक उजवीकडे फिरवलं की नाव डावीकडे!

वेल्डरने कपाळावर हात मारला. "काकू, दोर उलटा गुंडाळला की मी! थांबा, बदलतो."

तिने चाक पुन्हा फिरवून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. दांड्याचंही असंच असतं. तो उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते. तिच्या हाताला जन्मभर तेच ठाऊक.

"हात लावू नकोस. मला हेच सरळ आहे."

सकाळी दीर आला तेव्हा नावेत आठ-दहा माणसं बसली होती. चाक बघून त्याचे डोळे चमकले. "हे तर माझ्याच कामाचं! ट्रॅक्टर चालवण्यात जन्म गेला माझा. सरका."

"चाक उलटं फिरतं हं, भाऊजी."

"मला शिकवू नका."

"बरं. पण आधी माणसं उतरतील. जीव त्यांचा आहे."

माणसं उतरली आणि काठावर उभी राहिली. नावेत दोघंच. दिराने झोकात इंजिन चालू केलं. नदीच्या मधोमध असलेला खडक डाव्या हाताला आला, तसं त्याने चाक उजवीकडे फिरवलं. नाव खडकाकडे वळली. तो घाबरला, आणखी उजवीकडे फिरवलं. नाव आणखी खडकाकडे! काठावरून ओरडा झाला. दिराने चाक सोडून दोन्ही हातांनी फळी धरली.

नाववालीने डाव्या हाताने चाक गरकन फिरवलं. नाव खडकाला घासून निसटली, पण लाटेचं पाणी आत आलं. दीर कमरेपर्यंत भिजला. तिला त्याची दया आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

तिने नाव वळवून काठाला अलगद टेकवली. क्षणभर कोणीच पुढे येईना. मग दूधवाला रिकामी किटली घेऊन चढला आणि चाकाशेजारीच बसला.

"काकू, चाक तुम्हीच धरणार ना? मग चला."

मागोमाग सगळे चढले. दीर ओल्या कपड्यांनी उभाच होता.

"वहिनी, ते चाक सरळ करून घ्या," तो पुटपुटला.

"चाक असंच राहणार." तिने पायाने पत्र्याचा डबा त्याच्याकडे सरकवला. "तुम्हाला नावेवर काम हवं होतं ना? घ्या डबा, उपसा पाणी."

त्याने काठावरच्या माणसांकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि मुकाट्याने डबा उचलला.