पाहुण्यांपुरता संडास

चांगली कपबशी पाहुण्यांसाठी कपाटात राखायची आणि घरच्यांनी कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा, ही आपली सवय. कपबशीपर्यंत ते चालतं हो! पण आपल्या नाशिकजवळच्या द्राक्षं निवडून डब्यात भरणाऱ्या एका पॅकहाउसनं चक्क संडास राखून ठेवला होता. पांढऱ्या टाइल्स, आरसा, साबण आणि बाहेर कुलूप. किल्ली मॅनेजर नवनाथच्या खिशात. माल परदेशातली एक बडी सुपरमार्केट कंपनी घ्यायची. तिचे लोक तपासणीला आले की कुलूप निघायचं. एरवी पेठ तालुक्यातून आलेल्या मजूर बायांनी उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर नाल्याच्या आडोशाला जायचं. म्हणून दिवसभर त्या पाणीच पीत नसत.

तपासणीच्या दिवशी सकाळी गंगापूर रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नवनाथ बायकोला म्हणाला, "पायल, आज तुला पॅकहाउसला यायचंय. अ‍ॅप्रन आणि टोपी घालून टेबलापाशी उभं राहायचं."

"मी कशाला? तुमच्या बाया कुठं गेल्या?"

"त्यांना लांबच्या द्राक्षाच्या प्लॉटवर पाठवलंय. काहीतरी बोलून बसतील. स्टाफच्या सगळ्यांच्या बायका येतायत, दरवर्षी येतात. तूच तेवढी राहायचीस."

पायल शाळेत शिकवायची. तिला हे सोंग पटलं नाही. पण नवऱ्याची नोकरी म्हणून मुकाट्यानं गेली.

तपासणी झकास झाली. कंपनीनं नेमलेले तपासनीस पुण्याचेच होते. त्यांनी संडासाचे फोटो काढले. पायलला विचारलं, "ताई, इथं काही अडचण?" पायल म्हणाली, "नाही." तिची मान आपोआप खाली गेली. तपासनीस ऑफिसात द्राक्षं खायला बसले.

तेवढ्यात प्लॉटवरून पिकअप आली. आत त्या मजूर बायांपैकी नवसाबाई कण्हत पडली होती. पाचवा महिना चाललेला, अंग तापानं फणफणलेलं. तिचा नवरा सहादू तिला धरून उतरवत म्हणाला, "सायेब, दवाखान्यात न्यायचीच हाय. पन तिला लघवीची लय कळ लागलीय. आधी आत जाऊ द्या."

आणि नवनाथ दारासमोर आडवा उभा राहिला! "अरे, पाहुणे अजून आत बसलेत. चिखलाचे पाय उमटतील. गाडी तशीच दवाखान्यात घे."

"बाजूला व्हा!" पायल ओरडली. टोपी काढून तिनं फरशीवर आपटली. "फरशीची काळजी आहे, बाईची नाही? लाज वाटू द्या जरा!"

पण नवसाबाई दारातच कोसळली.

सिव्हिल हॉस्पिटलात पोटातलं बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच दिवसांचं इन्फेक्शन आहे, मूत्रपिंडापर्यंत पोचलंय. पाणी न पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं नडलं. सहादू बायकोच्या पायाशी नुसता बसून राहिला.

बाहेर बाकावर नवनाथ पुटपुटला, "मी काय करणार? मालकाचा नियम. वरून कंपनीची अट, सगळं चकाचक पाहिजे."

"कंपनीला चकाचक फोटो पाहिजे," पायल म्हणाली. "खरं बघायचं असतं, तर तारीख कळवून आले असते का? कंपनी मालकाकडं बोट दाखवते, मालक तुमच्याकडं, तुम्ही नियमाकडं. आणि मी तरी काय केलं? मला विचारलं तेव्हा खोटं बोलले. त्या पोराच्या जाण्यात माझाही हात आहे."

नवनाथला रडू फुटलं. किल्ली अजून त्याच्या खिशात होती. तो उठला आणि थेट तपासनिसांच्या हॉटेलवर गेला. सगळं सांगितलं, खोट्या कामगारांसकट.

"अहो, रिपोर्ट गेलासुद्धा!" तपासनीस वैतागले. "आता बदलायचा तर मला वर उत्तर द्यावं लागेल."

"द्या ना! मलाही मालकाला द्यावं लागेल, नोकरी जाईल माझी. पण नवसाबाईला कोण उत्तर देणार?"

नाइलाजानं तपासनिसांनी रिपोर्ट बदलला. कंपनीनं माल अडवला, तेव्हा कुठं मालकाला जाग आली. कुलूप कायमचं काढायचं आणि पुढची तपासणी न कळवता होईल, असं ठरलं. नवसाबाईच्या औषधपाण्याचं मात्र कंपनी म्हणाली मालकानं बघावं आणि मालक म्हणाला कंपनीनं बघावं. नवनाथला मालकानं काढून टाकलं. जाण्याआधी त्यानं संडासाचं दार स्वतःच्या हातानं सताड उघडलं.

बाया मात्र आत जाईनात. लांबच उभ्या राहिल्या. शेवटी त्यांच्यातली वयस्क साळूबाई पुढं आली आणि हळूच म्हणाली, "सायेब, आज पाव्हनं येनार हायेत का?"

नवनाथनं खिशातली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तुम्ही तिला काय उत्तर दिलं असतं?

मंडळी, परदेशातल्या दुकानात त्या द्राक्षांच्या डब्यावर 'जबाबदारीनं पिकवलेली' असा सुबक शिक्का असतो. जबाबदारी शिक्क्यानं येत नाही. माल विकत घेणारी कंपनी, पिकवणारा मालक, तपासणारा साहेब आणि नाटकात उभे राहणारे आपण, कुणालाही हात झटकता येणार नाहीत. ज्या दिवशी कुणी बघायला येणार नाही, त्या दिवशीही ते दार उघडं असलं पाहिजे.