स्पंज नळाखाली धरायचा नाही

आमच्या ह्यांनी उभा जन्म शहराच्या पाणीपुरवठ्यात काढला. गढूळ पाणी आत घ्यायचं, गाळ बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन मारायचं आणि लोकांना पाजायचं. सवय इतकी अंगात मुरलेली, की दुसऱ्याच्या घरी पाण्याचा पेला हातात आला तरी आधी उजेडाकडे धरून बघणार, मग ओठाला लावणार. मला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अशा माणसाने माशांसाठी तळं बांधायला घेतलं, म्हणजे ते कसं बांधलं जाणार हे वेगळं सांगायला नको.

मासे पोराचे. पोरगा मागच्या वर्षी गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याच्या खोलीत खिडकीखाली काचेची टाकी होती, ती तशीच राहिली आणि मासेही राहिले. सगळ्यात थोराड सोनेरी तो साहेब, डोक्यावर तांबडा ठिपका असलेली पांढरी ती टोपी, बाकीची मंडळी त्यांच्या मागेमागे. नावं त्यानेच ठेवलेली. मी खोलीत पाऊल टाकलं की सगळे काचेशी गोळा व्हायचे. ते माझ्यासाठी नाही, दाण्यांसाठी येतात, एवढं मलाही कळतं. पण वर्षभरात ह्या घरात मला बघून कोणी धावत आलं असेल तर तेच.

टाकीचं सगळं मी करायचे, त्याने शिकवलं होतं तसं. "आई, स्पंज नळाखाली धरायचा नाही हं. टाकीतलंच पाणी बादलीत काढ आणि त्यात दोनदा पिळ. बास." टाकीच्या गाळणीतला तो स्पंज कसला, चिखलाचा गोळा. तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीसारखा वास. मी नाक मुरडलं की हसायचा. "त्या घाणीतच त्यांचा जीव आहे, आई." मला वाटायचं, आळशी पोराची पळवाट आहे, दुसरं काय. पण तो गेल्यावर त्याचा शब्द न् शब्द मी पाळला.

मासे वाढले, टाकी पुरेना. साहेबाला वळायचं म्हटलं तर शेपूट काचेला घासायची. एके दिवशी हे दारात उभे राहून बराच वेळ ते बघत होते. पोरगा गेल्यापासून ह्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. तिथूनच म्हणाले, "ह्यांना मोठं पाणी पाहिजे. मी बांधतो." इतक्या महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी मनात म्हटलं, बांधा बाबा. मासे जगतील आणि तुम्हीही.

मग काय विचारता. मागच्या अंगणात खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. झाडाखाली नको, पानं पडतात. कोपऱ्यात नको, पावसाचं पाणी सगळ्या अंगणाची घाण घेऊन तिथेच उतरतं. काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा. तळाला मधोमध भोक आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे उतार. तिथून पाइप जमिनीखालून गाळटाकीत जाणार, जड गाळ तिथे बसणार, वरचं पाणी गाळणीच्या पिंपात, आणि पिंपातून पंपाने पुन्हा तळ्यात. पावसात तळं भरून वाहू नये म्हणून वरच्या अंगाला वेगळा पाइप, तो थेट फुलझाडांच्या वाफ्यात. हे सगळं मी जेवताना ऐकलंय. चमचा म्हणजे पाइप आणि मिठाची डबी म्हणजे गाळटाकी. मीठ मागायची सोय नव्हती.

गवंडी तर मेटाकुटीला आला. "काका, यात मासे पोहणार आहेत, अख्खं शहर पाणी पिणार नाही."

"उताराशिवाय पाणी हलत नाही आणि डोक्यावर बसल्याशिवाय गवंडी," हे म्हणाले.

तळ लिंपून वाळल्यावर ह्यांनी खिशातून एक काचेची गोटी काढली. पोराच्या जुन्या डब्यातली, मी लगेच ओळखली. कुठल्याही कडेने सोडली तरी ती घरंगळत नेमकी मधल्या भोकाशी येऊन थांबायची. हे माझ्याकडे बघून हसले. मलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं.

सिमेंटचा अंश जावा म्हणून तळं कितीदा भरलं नि कितीदा रिकामं केलं, त्याला हिशोब नाही. शेवटचं पाणी भरून उघड्यावर उन्हात ठेवलं, क्लोरीन उडून जावं म्हणून, आणि रोज काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकून तपासलं. डोळ्यांत तेल घालून काम केलं माणसाने. कोणी बोट ठेवावं अशी जागा नव्हती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना मूर्ख म्हणतील.

त्याच सुमारास ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. निघताना म्हटलं, "मी येईपर्यंत मासे हलवू नका. आणि तो स्पंज..."

"नळाखाली धरायचा नाही. पाठ झालंय मला."

परत आले तर हे फाटकातच उभे, बक्षीस मिळालेल्या मुलासारखे. हाताला धरून मला मागे नेलं. पाणी इतकं नितळ की तळाचं भोक दिसत होतं, आणि साहेब संथपणे लांबच लांब वळण घेत होता. शेपूट कशालाच घासत नव्हती. मी काठावर बसले तशी सगळी मंडळी माझ्याकडे आली. वाटलं, हे बघायला पोरगा हवा होता.

मग मी पोराच्या खोलीत गेले. खिडकीखालची टाकी कोरडी, घासून लख्ख केलेली. तिचं पाणी वाफ्यात ओतलेलं.

"स्पंज कुठाय?"

"पिंपात. आणि नळाखाली नाही हं धरला," हे अभिमानाने म्हणाले. "रात्रभर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवला, मग उन्हात कडकडीत वाळवला. टाकीतले खडेसुद्धा. बघशील तर नवाकोरा वाटेल."

काहीतरी चुकलंय असं वाटलं. पण काय, ते मला सांगता येईना.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका सकाळी साहेब वर येऊन तोंडाने हवा ओढताना दिसला. दुपारपर्यंत सगळेच. पाणी मात्र काचेसारखं. हे पेला भरून पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरत होते. "यात काहीच नाही गं. काहीच नाही यात."

पोरगा ज्याच्याकडून मासे आणायचा त्या दुकानदाराला मी फोन लावला. स्पंज ब्लीचिंगमध्ये घातला म्हटल्यावर त्याने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "काकू, त्या चिकट थरातले जिवाणूच तर माशांची घाण खातात. ते मेले की मासे स्वतःच्याच घाणीने मरतात, पाणी कितीही नितळ दिसू दे. लगेच या, माझ्या टाकीतला चालू स्पंज देतो." मी घरच्या कपड्यांतच धावले.

ओला, घाणेरडा स्पंज पिशवीत घालून छातीशी धरून परत आले, तर मागून पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. ह्यांना ते तडफडणं बघवलं नव्हतं. गाळटाकीचा निचऱ्याचा पाइप उघडून तळाच्या भोकातून पाणी सोडून दिलं होतं. उतार इतका अचूक, की तळं बघता बघता रिकामं झालं असणार. वीतभर पाण्यात मासे आडवे पडले होते आणि हे नळाचा पाइप सोडून तळं ताज्या पाण्याने भरत होते. शहराच्या पाण्याने. ज्यात आयुष्यभर ह्यांनी स्वतःच्या हाताने क्लोरीन मारलं त्या पाण्याने.

"अहो, क्लोरीन!" मी ओरडले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पाइपकडे. त्या वेळी ह्यांचा जो चेहरा झाला तो बघायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

आधी टोपी गेली, मग बाकीचे, सगळ्यात शेवटी साहेब. हे पाण्यात उभे राहून त्याला दोन्ही हातांनी पुढेमागे हलवत होते, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. तो मेला तरी हलवतच होते.

"त्याचं जेवढं उरलं होतं तेवढं तुम्ही धुऊन टाकलंत," मी म्हणाले.

ह्यांनी साहेबाला अलगद काठावर ठेवलं. त्यानंतर आमचं बोलणं अडल्यानडल्यापुरतंच उरलं.

मासे वाफ्यात पुरले. आणलेला स्पंज मी पिंपात टाकला, का ते देव जाणे. पंप बंद करायला कोणी गेलंच नाही. झाडाची पानं उडून तळ्यात पडली, कुजली, पाणी फिरत राहिलं. आम्ही दोघं एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे राहत होतो.

बऱ्याच आठवड्यांनी दुकानदार सहज डोकावला. त्याच्या मनात चांगलंच होतं. त्याने पाणी तपासलं, पिंपात हात घालून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "काका, तळं आता एकदम तयार! आता सोडा मासे, एकही दगावणार नाही."

तो गेल्यावर मी पिंपाचं झाकण काढलं. दोन्ही स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाले होते. ओल्या मातीसारखा वास आला आणि मी तिथेच खाली बसले. पोराच्या खोलीत आता हा वास येत नव्हता.

मागून हे आले. हातात ब्रश, सवयीने. आत वाकून बघितलं. पाण्याच्या बाबतीत जन्मात कोणाला काही न विचारलेल्या माणसाने मला विचारलं, "धुऊ का?"

"नको. त्यात जीव आहे."

ह्यांनी ब्रश खाली ठेवला. गुडघे टेकून पिंपात तोंड घातलं आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"कोणासाठी चालू ठेवायचं गं आता हे?"

मी झाकण पुन्हा पिंपावर ठेवलं. समोर रिकाम्या तळ्यात पाणी फिरत होतं, जरासं हिरवट, असायला हवं होतं तसं.