रविवारची मोकळी जागा

आमच्या वर्गातल्या एका मुलाला सगळे ‘मीटर’ म्हणतात, कारण समोर काहीही आलं की तो आधी त्याची लांबीरुंदी घेतो. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला शाश्वत शहराचा प्रकल्प होता. प्रत्येक गटाने शहराचा एक भाग पायी फिरायचा आणि सावली कुठे आहे, पाणी कुठे मुरतं, जागा कुठे वाया जाते ते नकाशावर भरायचं. मीटरच्या गटाकडे आमचाच भाग आला. मी दुसऱ्या गटात, शहराच्या पार त्या टोकाला गटारं बघत हिंडत होते. आठवडाभर तास असतात, म्हणून सगळ्यांचं फिरणं रविवारी. आणि आईच्या धंद्यात रविवार हाच सुट्टीचा वार.

आई दोन लॉजच्या आणि एका दवाखान्याच्या चादरी धुवायची. धुणं घरामागच्या मोरीत आणि वाळवण पाण्याच्या टाकीखालच्या मैदानात. तिथे बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या आणि दोऱ्यांवर पांढऱ्या चादरींच्या रांगा. लहानपणी मी त्या रांगांमधून पळायचे. “डाग पडला तर बघ हं!” असं आई लांबून ओरडायची. शनिवारी संध्याकाळी ती दोऱ्या गुंडाळून घरी आणायची आणि बांबू उपटून तिथल्याच भिंतीलगत आडवे टाकायची. रविवारी गल्लीतली पोरं तिथे खेळतात, त्यांच्या पायात येऊ नये म्हणून. चांगुलपणा नडतो तो असा.

नकाशे वर्गात भिंतीवर लागले. टाकीखालच्या मैदानाला मीटरने तपकिरी रंग दिला होता. बाजूला लिहिलं होतं, ‘वापरात नसलेली जागा’. आईच्या बांबूंच्या जागी एक लहानसा चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘राडारोडा’.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “अरे, तिथे माझी आई चादरी वाळवते!”

“आम्ही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा रिकामीच होती गं,” मीटर म्हणाला.

“रविवारी जाल तर रिकामीच दिसणार. सोमवारी ये ना!”

“सोमवारी प्रॅक्टिकल असतं.” हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मी सरांकडे गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकाशावर तळटीप घालायला सांगितली. ती घातलीही गेली. पण नकाशा प्रदर्शनात लागला, पाहुणे आले, मैदानात झाडं लावायची कल्पना नगरपालिकेला आवडली. तळटीप वाचायला कोण खाली वाकतं?

आईला घेऊन मी नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, “जागा तुमच्या नावावर आहे का?” नव्हतीच. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला झाडं नकोत का?” या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. हो म्हणा, पोटावर पाय. नाही म्हणा, तुम्ही झाडांचे वैरी. आईने पदर खोचला आणि म्हणाली, “चल, धुणं खोळंबलंय.”

जाळीचं कुंपण आलं, फाटक आलं, रोपं आली. गल्लीत सगळे खूश होते, आणि का नसावेत? आईने काही दिवस बाहेरून कुंपणावरच चादरी टाकून पाहिल्या. जाळीचा गंज चादरींना लागला आणि दवाखान्याने गठ्ठा परत पाठवला. मग लॉजवाल्यांनीही हात वर केले आणि सगळं धुणं यंत्राच्या लाँड्रीला दिलं. शेवटी आई त्याच लाँड्रीत कामाला लागली. तळघरात ड्रायरच्या तोंडाशी उभं राहून ती त्याच चादरी बाहेर काढते. हाताला चटके बसतात, अंगभर घामोळं उठतं. उन्हाने रापलेली माझी आई तिथे दिवसेंदिवस फिकी पडत चालली आहे. मला मीटर दिसला की अजून राग येतो, आणि कुंपणाआडची झाडं चांगली वाढलीत याचा तर जास्तच.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी पहिल्या वर्षाचा एक गट माझ्यासोबत दिला. विषय होता, छोट्या धंद्यांतला विजेचा वापर. “रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा,” सर मुद्दाम म्हणाले. एवढं मात्र ते शिकले होते. कुठे जायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं. पत्ता आईच्याच लाँड्रीचा निघाला. तिथे माझी आई आहे हे न सांगता मी तो वहीत उतरवून घेतला.

तळघरात यंत्रांची घरघर चालू होती. आईने मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. मुलं विजेच्या मीटरचे आकडे पाहत होती. त्यांच्यातली एक मुलगी आईजवळ गेली. गोड होती, मनापासून विचारत होती.

“मावशी, एवढी वीज जाते. मग तुम्ही चादरी उन्हात का नाही वाळवत? ऊन तर फुकट असतं.”

आईच्या हातात नुकतीच काढलेली गरम चादर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. सांग ना आई, मी मनात म्हणत होते, सांगून टाक एकदाचं.

“खरंच की,” आई म्हणाली. “सुचलंच नाही बघ आम्हाला.”

मुलीचा चेहरा खुलला. “आम्ही मालकांना सुचवू तसं,” ती म्हणाली आणि बाकीच्यांना सांगायला पळाली.

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. आईने एक टोक माझ्याकडे टाकलं, मैदानात टाकायची तसंच. मी ते धरलं. झटकली, दुमडली आणि टोकं जुळवायला आम्ही एकमेकींच्या जवळ आलो. माझे डोळे भरले होते. तिने माझ्या हातातली टोकं घेतली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “इथे रडू नकोस. डाग पडेल.”